ब्लाऊज कापायच्या आधी

बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझं माप घेताना माझा हात मध्येच थांबला, ते तुझ्या लक्षात आलं असेल. तुझ्या ब्राचा मागचा पट्टा पार पाठीच्या मध्यावर चढला होता आणि खांद्यांवर स्ट्रॅपचे लाल वळ उठले होते. दुकानात चार बायका बसल्या होत्या म्हणून तेव्हा बोलले नाही. तू मात्र जाता जाता म्हणालीस, "मावशी, मला कुठलीच ब्रा नीट बसत नाही, माझं अंगच तसं आहे." तीस वर्षं मशीनवर बसून हे वाक्य मी ऐकतेय आणि दर वेळी जीव तुटतो. अंगात काही खोट नाही गं. माप चुकलंय.

भार पेलायचं काम मुख्यतः छातीखालच्या पट्ट्याचं, खांद्यांचं नाही. पट्टा सैल असला की मागून वर सरकतो आणि पुढचा भाग खाली उतरतो. मग आपण स्ट्रॅप आवळतो, तो पट्ट्याला आणखी वर ओढतो आणि खांद्यात रुततो.

तू 34 बी घालतेस. ब्लाऊजचा खालचा घेर छातीखालीच येतो, म्हणून ते माप माझ्या वहीत आहे: 28 इंच, म्हणजे 71 सेंटिमीटर. आपल्याकडच्या बऱ्याच ब्रँडच्या तक्त्यात 34 नंबर साधारण 73 ते 77 सेंटिमीटरला धरतात. तुला 32 लागेल. पण 32 बी घेऊ नकोस, कप लहान पडेल. कपाचं अक्षर एकटं कधीच वाचायचं नाही. नंबर एक पायरी उतरला की तेवढ्याच कपासाठी अक्षर एक पायरी पुढे जातं. 34 बी आणि 32 सी यांचा कप सारखाच, फरक पट्ट्याचा. म्हणजे 32 सी घालून बघ. 'सी' ऐकून बिचकू नकोस. ब्रँड बदलला तर खोक्यावरचा तक्ता पुन्हा बघ, सगळ्यांचं माप एक नसतं.

दुकानात ट्रायल रूम असेल तिथेच जा. मी सोळा वर्षांची असताना दुकानदाराने गल्ल्यावरूनच नजरेने माप ठरवलं, कागदात गुंडाळून पुडकं आईच्या हातात दिलं. पट्टा इतका काचायचा की श्वास घेताना बरगड्या दुखायच्या. पुढची कित्येक वर्षं मी पोक काढून चालले. तुझ्यावर ती वेळ नको.

घालताना हूक सगळ्यात सैल घरात लाव. इलॅस्टिक पुढे ढिलं होतंच, तेव्हा आतली घरं कामाला येतात. मग थोडी पुढे वाक आणि काखेकडचा भाग हाताने कपात घे. सरळ उभी राहा, दोन्ही हात वर कर. पट्टा जागचा हलला नाही आणि त्याखाली दोन बोटंच जेमतेम गेली, तर तो बरोबर. कपाची वरची कड मांसात रुतत असेल तर कप लहान, कापडाला चुण्या पडत असतील तर मोठा. तारेची घेतलीस तर तार बरगडीवर टेकली पाहिजे, छातीवर नाही. खाली बसूनही बघ, बसल्यावरच खरं कळतं.

महिन्याच्या त्या दिवसांच्या आधी छाती जड होते, तेव्हा माप घेऊ नकोस.

आणि एक. हॉस्टेलवर टॉवेलखाली लपवून वाळत घालू नकोस. दमट राहिलेल्या कपड्याने छातीखाली खाज सुटते, पुरळ येतं. गार पाण्यात हाताने धू, पिळू नकोस, वारा लागेल तिथे उघडी टाक. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तुझं कापड मी अजून कापलेलं नाही. ब्राचा पट्टा जागेवर आला की छातीचा उंचवटा वर येतो आणि टक्सची, म्हणजे ब्लाऊजला छातीचा आकार देणाऱ्या दुमडून घातलेल्या शिवणींची, जागाच बदलते. लग्नाला अजून महिना आहे. सुट्टीत येशील तेव्हा नवीन घालूनच ये, सगळी मापं पुन्हा घेते.

तुझी,
शिवणाची मावशी