नादारीचा हुकूम मिळाला, मुक्ततेचा अर्ज राहिला

सांगली जिल्ह्यातल्या एका इलेक्ट्रिक दुकानदारांचं पत्र आहे. पतसंस्थेचं कर्ज आणि हातउसने पैसे मिळून १८ लाखांचं देणं फिटेना, म्हणून त्यांनी नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज केला. जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने त्यांना नादार ठरवलं. आता तो हुकूम रद्द करा म्हणून पतसंस्था न्यायालयात गेली आहे. ‘पुन्हा नव्याने अर्ज करू का?’ असं ते विचारतात.

नका करू. आधी हुकुमाचं शेवटचं पान वाचा. सहीच्या वर लिहिलं आहे: ‘अर्जदाराने एक वर्षाच्या आत मुक्ततेसाठी अर्ज करावा.’ वर्ष केव्हाच उलटलं. सगळं प्रकरण या ओळीवर अडलं आहे आणि तुमच्या लांबलचक पत्रात तिचा उल्लेखही नाही. अशी पत्रं वरचेवर येतात आणि वाचून जीव हळहळतो. नादार ठरलो म्हणजे कर्ज संपलं, असं समजून लोक हुकूम कपाटात ठेवून देतात. त्या हुकुमाने वसुली थांबते, मालमत्ता रिसीव्हरच्या, म्हणजे ती सांभाळायला न्यायालयाने नेमलेल्या माणसाच्या, ताब्यात जाते, इतकंच. देण्यातून सुटका मुक्ततेच्या हुकुमाने होते आणि तो आपणहून मागावा लागतो.

तुम्हाला लागू आहे तो १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. (२०१६ ची दिवाळखोरी संहिता व्यक्तींपैकी फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू झाली आहे, तीही १ डिसेंबर २०१९ पासून.) १९२० च्या कायद्याचं कलम ४३ म्हणतं, मुदतीत मुक्ततेचा अर्ज आला नाही तर नादारीचा हुकूम रद्द करावा. तसं झालं की घेणेकरी पुन्हा दारात. मधल्या काळात त्यांच्या दाव्याची मुदत संपेल या आशेवर राहू नका. नादार ठरल्यापासून हुकूम रद्द होईपर्यंतचा काळ कलम ७८ प्रमाणे त्यांच्या मुदतीतून वगळला जातो. शिवाय अशा कारणाने हुकूम रद्द झाल्यावर नवा अर्ज करायला न्यायालयाची परवानगी लागते, ती सहज मिळत नाही.

म्हणून पतसंस्थेच्या अर्जावर निर्णय होण्याआधी दोन अर्ज एकदम द्या: कलम २७ खाली मुदतवाढीचा आणि कलम ४१ खाली मुक्ततेचा. मुदत संपल्यावरही, हुकूम रद्द होईपर्यंत ती वाढवता येते, असं सांगणारे निकाल आहेत. तुमच्या न्यायालयाला ते पटतीलच असं मात्र मी म्हणणार नाही. ‘कायदा माहीत नव्हता’ हे कारण लिहू नका. वडिलांच्या डायलिसिसबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलं आहे. तेच सविस्तर मांडा, हॉस्पिटलचे कागद तारखांसकट जोडा. रोजनाम्याची, म्हणजे प्रत्येक तारखेला न्यायालयात काय झालं त्या नोंदीची, नक्कलही काढा. रिसीव्हरचा अहवाल अजून आला नसेल तर ते ठळकपणे सांगा. अहवालासाठी तारखांवर तारखा पडतात, त्याबद्दल कुणाला कुणी विचारत नाही, मुदत मात्र गरीब ऋणकोची संपते. हा अन्याय न्यायाधीशांसमोर बोलून दाखवायलाच हवा.

मुक्तता मिळेलच का? ते हिशेबाच्या वह्या, रिसीव्हरच्या हाती आलेली रक्कम आणि तुमचं वागणं यावर ठरेल. मिळाली तरी जामीन राहिलेला तुमचा भाऊ सुटत नाही, त्याला आत्ताच कल्पना द्या.

आणि दिवाळीत हप्त्यावर घेतलेला मोबाईल. मुक्तता न झालेल्या नादाराने, आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपयांची जरी उधारी घेतली, तरी कलम ७२ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अर्ज टाईप होण्याआधी ही गोष्ट तुमच्या वकिलांच्या कानावर घाला, आणि यापुढे काहीही उधारीवर घेऊ नका.