कचरा न करता चाळीस जणांचं वनभोजन: पहिल्यांदाच करताय तर

जेवणाचा बेत आधी आणि भांडी नंतर, असं करू नका. पळसाच्या पत्रावळीवर पातळ रस्सा टिकत नाही. शिवणीतून गळतो, मग लोक प्लॅस्टिकची वाटी शोधतात. म्हणून कोरडा झुणका, वांग्याचं भरीत, ठेचा, कांदा आणि बाजरीची भाकरी. चाळीस जणांना माणशी दोन भाकऱ्या धरल्या तर साधारण आठ किलो पीठ, झुणक्याला दोन किलो बेसन पुरतं. भाकऱ्या सुती कापडात गुंडाळून टोपलीत ठेवा, पण वाफ गेल्यावरच. गरम बांधल्या की खालच्या चिकट होतात.

पत्रावळी विकत घेताना उलटी करून नख लावून पाहा. मशीनवर दाबलेल्या काहींना आतून प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, तो कुजत नाही. कागदी कपांचंही तेच, त्यामुळे ताकाला प्रत्येकाने घरून स्टीलचा पेला आणायचा. हा निरोप आदल्या रात्री पुन्हा पाठवा (निम्मे विसरतातच), वर दहा पेले जादा ठेवा.

पिण्याचं पाणी माणशी दीड लिटर, म्हणजे वीस लिटरचे तीन जार. पेले विसळायला दोन घमेली वेगळी.

उष्टं आणि पत्रावळी एकाच पिशवीत कोंबू नका. पत्रावळी फाडून वाळक्या पाल्यासोबत खतात जातात. तेलकट उष्ट्याचा मात्र जास्त थर झाला की वास सुटतो, उंदीर येतात. वाढप्याला पहिल्या वाढीला एकच भाकरी द्यायला सांगा, उष्टं आपोआप कमी होतं.