जगबुडीची बॅग आणि कृष्णेचा पूर

प्रश्न : मुलगा एमपीएससीची तयारी करतोय. रात्री जगबुडीनंतर जिवंत कसं राहायचं याचे व्हिडिओ बघतो, चाकू-दोरखंडाच्या याद्या करतो. २०१९चा पूर आम्ही सोसलाय, तरी याला हे आवडतं कसं? काळजी करावी का?
— एक आई, सांगली

उत्तर : त्याला ओढ विनाशाची नसावी, झटपट निकालाची असावी. जाहिरात कधी निघेल, कट-ऑफ किती लागेल, नोकरी-लग्नाचं काय, हे सगळे प्रश्न त्या कल्पनेत जगाबरोबर बुडून जातात. उरतात ती सोपी कामं: पाणी शोध, चूल पेटव. केलं की लगेच फळ. शिवाय भीती वाटली तर व्हिडिओ थांबवता येतो; पूर थांबवता येत नाही.

झोप, जेवण, अभ्यास सुटला किंवा ‘सगळं संपलेलंच बरं’ अशी भाषा सुरू झाली, तर मात्र १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन) बोला. एरवी काळजीचं कारण दिसत नाही.

या कल्पनेत खोट आहे ती एकट्या नायकाची. समाजशास्त्रज्ञ एन्रिको क्वारंटेली यांनी अनेक दशकं आपत्तींचा अभ्यास केला. त्यांना सैरावैरा पळापळ क्वचितच आढळली. मदतीला आधी धावतात ते शेजारीपाजारीच. व्हिडिओत शेजारी लुटारू असतो, कारण त्याशिवाय चाकूला काम नाही!

त्याची यादी मोडीत काढू नका, तपासा. आजीच्या बीपीच्या गोळ्या आहेत का? सात दिवसांच्या हव्यात. पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज ४ लिटर धरलं, तर चौघांना तीन दिवसांसाठी ४८ लिटर. ते पाठीवरच्या बॅगेत मावत नाही, हे त्याला स्वतः मोजू द्या. क्लोरीनची गोळी गढूळ पाण्यात थेट टाकली तर क्लोरीन गाळातच खर्ची पडतो. म्हणून आधी तुरटी फिरवून पाणी निवळू द्यावं, वरचं गाळून घ्यावं, मग पाकिटावरच्या प्रमाणात गोळी टाकून अर्धा तास थांबावं. आधार, सातबारा, पासबुक प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत. गॅसचा सिलिंडर पुरात तरंगतो, त्यामुळे निघण्यापूर्वी रेग्युलेटर काढून, टोपी लावून तो बांधून ठेवावा.

निघायचं कधी, हेही यादीत हवं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ धोक्याची. २०१९ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तेव्हा तुमच्या दारात पाणी आलं त्या वेळी पुलावर किती फूट होतं, ते आठवून यादीत सर्वांत वर लिहा. त्याच्या बरंच आधी घर सोडायचं.