नागीण, गेरूचा लेप आणि ७२ तास

प्रश्न : सासूबाईंच्या कमरेला उजवीकडे कालपासून नागीण उठली आहे. आमच्याकडे गेरू लावून मंत्र घालतात. शेजारच्या कन्नड आजीही हिला ‘सर्पसुत्तु’ म्हणून तांबड्या मातीचा लेपच सांगतात. तोंड आणि शेपूट मिळाले की माणूस दगावतो, हे खरे का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : नाही, ही भीती मनातून काढून टाका. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे सुप्त राहतो आणि वयोमानाने प्रतिकारशक्ती उतरली की एकाच मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. म्हणूनच पुरळ बहुधा शरीराच्या मध्यरेषेपाशी थांबते, कमरेला वेढा पडत नाही. फोड काही आठवड्यांत आपोआप सुकतात आणि श्रेय मंत्राला मिळते. मात्र मागे महिनोन्‌महिने छळणारी आग राहू शकते, तिचीच मला अधिक काळजी वाटते. असायक्लोव्हिरसारखे औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू होणे उत्तम, तेव्हा त्यांना आजच डॉक्टरांकडे न्या. फुटलेल्या फोडांवर माती लावू नका, त्यात जंतुसंसर्ग होतो. जागा स्वच्छ व कोरडी ठेवून सैल सुती कपडे घाला. घरात कांजिण्या न झालेली गरोदर स्त्री किंवा तान्हे बाळ असल्यास त्यांना फोडांतील पाण्याचा स्पर्श होऊ देऊ नका.