पावसाळ्यात धिंगरी मशरूम दोन दिवसात चिकट होतात, टिकवायचे कसे?

भावा, तुझी चूक पिशवीत हाय. मशरूममध्ये जवळजवळ ९० टक्के पाणी असतंय, प्लॅस्टिकची गाठ मारून तसंच फ्रीजमध्ये टाकलंस की आतल्या आत घाम फुटतो आणि तिसऱ्या दिवशी हात लावला तर बोटाला तार येते. आणल्या आणल्या धुवायचे नाहीत, कागदी पिशवीत घालून फ्रीजला ठेव, चार-पाच दिवस आरामात जातात.

जास्त दिवस पाहिजेत तर वाळवच. पण जुलैत कोल्हापुरात गच्चीवर वाळवायचा नाद करू नको, मी केलावता, संध्याकाळपर्यंत वास मारायला लागले. भाज्या-फळं वाळवायचा ड्रायर असंल तर ५०-५५ डिग्रीला ठेव, आणि वाकवलं की कट्टकन मोडलं पाहिजे, नुसतं वाकलं तर अजून ओल हाय. पूर्ण गार झाल्यावरच कोरड्या काचेच्या बरणीत भर (गरम भरलं की झाकणाला थेंब धरतात), वर सिलिका जेलची (ओल शोषून घेणारी) पुडी टाक, अंधारात ठेव. सहा महिने काय होत नाही.

वापरताना अर्धा तास कोमट पाण्यात, आणि ते पाणी ओतू नको, रश्श्यात घाल.