फिफ्थ व्हील घ्यायची, पण ही नाही आणि यंदा नाही

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी आकडे पाहिले, मग शेवटची वहिनींच्या हातची ओळ वाचली: "हे सगळं मागे घेताना मला बाहेर उभं राहून हात दाखवावे लागणार, त्याचं काय?" त्या ओळीकडे नंतर येतो.

तुमचं वय ६३, वहिनींचं ६१. ओहायोतलं घर फिटलेलं. ४०१(के) या निवृत्तीच्या खात्यात ७,४०,००० डॉलर, बँकेत ९५,०००. तुम्ही निवृत्त झालात, वहिनी डिसेंबरमध्ये होणार. नोव्हेंबर ते फेब्रुवारी भारतात, आणि उन्हाळ्यात सुमारे १०० रात्री अमेरिकेत भटकायचं. त्यासाठी ३६ फुटी नवी फिफ्थ व्हील, म्हणजे पिकअपच्या मागच्या हौद्यात जोडून ओढायचं चाकांवरचं घर, ८८,००० ला आणि ती ओढायला नवा डिझेल पिकअप ७६,००० ला, असं डीलरचं कोटेशन. पैसे ४०१(के) मधून एकरकमी. प्रश्न असा की फिफ्थ व्हील बरी, की मोटरहोम (स्वतःच्या इंजिनावर चालणारं घर), की साधा ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीच्या शेपटीला जोडून ओढायचं घर)?

उत्तर आधीच सांगतो. तुमच्या भटकंतीला फिफ्थ व्हील हा प्रकार शोभतो. पण ही गाडी मोठी आहे, ट्रक तिला पुरा पडणारा नाही, आणि पैसे काढायचं वर्ष चुकीचं आहे.

प्रकार शोभतो असं म्हणतो, कारण तुमच्या यादीतच ते लिहिलंय. यलोस्टोन, ग्लेशियर, ग्रँड टीटन ही राष्ट्रीय उद्यानांची नावं तुम्ही ठळक अक्षरांत लिहिलीत. रात्री मोजल्या तर डेन्व्हरला मुलाकडे सहा आठवडे आणि ऑस्टिनला मुलीकडे चार. म्हणजे १०० पैकी ७० रात्री गाडी एका जागी उभी, आणि तुम्ही नातवंडांच्या मागे. फिफ्थ व्हील याच कामाची. एकदा जॅकवर टेकवली, स्लाइड-आउट (भिंतीतून सरकून बाहेर येणारे भाग) बाहेर काढले की छप्पर उंच, स्वयंपाकघर धड, पलंगाच्या दोन्ही बाजूंनी फिरता येतं. आणि ट्रक मोकळा. मुलाकडे जायला, किराणा आणायला, डॉक्टरकडे जायला तोच.

मोटरहोमचं याच्या उलट. क्लास सी, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली ती ओळखीची गाडी, दर दोन-तीन दिवसांनी मुक्काम हलवणाऱ्यांसाठी उत्तम. पाऊस पडत असला तरी बाहेर न उतरता निघता येतं. पण दूध संपलं तर अख्खं घर सोडवून दुकानात न्यायचं, नाहीतर मागे छोटी गाडी ओढायची. शिवाय इंजिन बिघडलं की घरही गॅरेजमध्ये आणि तुम्ही मोटेलमध्ये. फिफ्थ व्हीलचा ट्रक बिघडला तरी घर कॅम्पग्राउंडवरच राहतं. क्लास ए म्हणजे बसएवढी गाडी, तिचा विचारच नको, तुमच्या बजेटला ती गिळून टाकेल. क्लास बी म्हणजे व्हॅन, चालवायला सोपी, मायलेज चांगलं, पण सहा आठवडे दोघांनी तीत राहायचं म्हणजे संसाराची परीक्षा.

ट्रॅव्हल ट्रेलर स्वस्त. तुमच्या एसयूव्हीची ओढण्याची क्षमता तुम्ही ५,००० पौंड लिहिलीय. त्यात सामानासकट बसेल असा ट्रेलर छोटाच, दहा आठवडे काढण्याजोगा नाही. मोठा घ्यायचा तर पिकअप आलाच. मग फरक उरतो जोडण्याचा. ट्रॅव्हल ट्रेलरचा १० ते १५ टक्के भार गाडीच्या शेपटीमागच्या हिचवर, म्हणजे जोडणीवर, पडतो, म्हणून बाजूचा वारा लागला की मागचं धूड डुलायला लागतं. वायोमिंगमधून आय-८० महामार्गावर गेलात तर लॅरमी ते रॉलिन्सच्या पट्ट्यात हा वारा भेटेलच. फिफ्थ व्हीलची जोडणीची पिन ट्रकच्या बेडमध्ये (हौद्यात), मागच्या आसाच्या डोक्यावर बसते, त्यामुळे ती पुष्कळ स्थिर चालते. (नावाचं कोडं तुम्ही विचारलं होतंत: घोडागाडीचा पुढचा आस वळावा म्हणून त्यावर एक आडवी गोल चकती असे, तेच पाचवं चाक.)

पण ही स्थिरता फुकट नाही. फिफ्थ व्हील आपल्या वजनाचा २० ते २५ टक्के भार ट्रकच्या पाठीवर टाकते, आणि इथेच डीलरचं कोटेशन मला खटकलं.

"हा ट्रक सहज ओढेल" असं तो म्हणाला, ते खरं आहे. ओढेल. प्रश्न पेलण्याचा आहे. ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर टायरच्या माहितीचं लेबल असतं, त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त नको. तो त्या ट्रकचा पेलोड. तुमच्या कोटेशनमधला ट्रक २५०० दर्जाचा, चार दारांचा, फोर व्हील ड्राइव्ह, डिझेल. असल्या ट्रकवर तो आकडा बहुतेक वेळा २,००० ते २,५०० च्या मध्ये असतो, कारण डिझेल इंजिनाचं वजनच त्यातला मोठा वाटा खातं. आता बेरीज करू. गाडीची कमाल वजनमर्यादा १४,००० पौंड. तुम्ही पुरती न भरता १३,००० वर ठेवली आणि पिनवर २२ टक्के धरले तर २,८६०. हिच सुमारे १८०. तुम्ही दोघं ३००. झाले ३,३४०. ब्रोशरमध्ये पिनचं वजन २,१५० छापलंय, पण ते कोरड्या गाडीचं, म्हणजे पाणी, गॅस, कपडे, कुकर, गव्हाचं पीठ यातलं काही आत नसतानाचं.

म्हणजे त्याच्या वरच्या, ३५०० दर्जाचा ट्रक हवा, किंवा हलकी गाडी. ओढण्याची क्षमता जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असते, पेलोड दाराच्या आडोशाला. डीलरला दोष देत नाही, त्याचं काम विकण्याचं. पण यासाठी तुम्ही ७६,००० देणार आहात, तेव्हा दार उघडून पाहण्याचा हक्क तुमचा आहे.

आता खर्च. ७ टक्के सेल्स टॅक्स आणि हिच बसवण्याचे अडीच हजार धरून एकूण १,७८,०००. पाच वर्षांनी विकायला काढलंत तर माझ्या अंदाजाने गाडीचे ४५,००० आणि ट्रकचे ४२,००० येतील. म्हणजे ९१,००० गेले, वर्षाला १८,२००. विमा ३,०००. तुमच्या एचओएला (वसाहतीच्या सोसायटीला) ड्राइव्हवेवर आरव्ही, म्हणजे असलं कुठलंही चाकांवरचं घर, चालत नाही, तेव्हा स्टोरेजचे १,८००. टायर, बेअरिंग, छताचं सीलंट, नोव्हेंबरात भारतात जाण्याआधी नळांत अँटिफ्रीझ भरणं, उंदरांचा बंदोबस्त, सगळं मिळून ३,०००. कॅम्पग्राउंड रात्रीला ५० प्रमाणे ५,०००. सहा हजार मैलांचं डिझेल २,३०० च्या आसपास. वर्षाला ३३,३००, म्हणजे रात्रीला ३३३ डॉलर. गुंतलेल्या पैशावरचं बुडालेलं व्याज यात धरलेलंच नाही. तेवढ्यात हॉटेल मिळतं, हे तुम्हालाही कळतंय. स्वतःच्या पलंगावर झोपण्याचं, नातवंडांनी "आजोबांच्या गाडीत" राहायला येण्याचं मोल हॉटेलात नाही, हे मला कळतं. पण त्याला किती मोजायचं हे डोळे उघडे ठेवून ठरवा.

तुलनेसाठी, चार वर्षं वापरलेली २५ फुटी क्लास सी ६८,००० ला घेतलीत आणि डेन्व्हरला सहा आठवडे भाड्याची कार ठेवलीत, तर हाच हिशेब रात्रीला २०० ते २२० वर येतो. वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर आणि वापरलेला पिकअपही जवळपास तिथेच. आणि तीन-चार वर्षं जुनी ३० फुटी फिफ्थ व्हील, वजनमर्यादा १०,५०० पौंडांच्या आत, सोबत वापरलेला ३५०० दर्जाचा ट्रक, करासकट सुमारे १,०६,००० ला, तर रात्रीला २४० च्या खाली. पहिल्या मालकाने सुरुवातीचा घसारा सोसलेला असतो आणि कारखान्यातून आलेले किरकोळ दोषही सहसा त्याच्याच वाट्याला गेलेले असतात. २०२१ मध्ये अमेरिकेत सहा लाख आरव्ही विक्रीसाठी बाहेर पडल्या, हा विक्रम. २०२३ मध्ये तो आकडा ३ लाख १३ हजारांवर आला. त्या लाटेत हौसेने घेतलेल्या कितीतरी गाड्या आज कुंपणामागे उभ्या आहेत. घासाघीस तिथे करायची, ऑक्टोबरमध्ये, हंगाम संपल्यावर. मात्र प्रमाणित आरव्ही इन्स्पेक्टरकडून तपासून. छताच्या कडेला पाणी मुरलेलं असेल तर ती फुकटसुद्धा नको.

लहान गाडीचा आणखी एक फायदा. राष्ट्रीय उद्यानांतली बरीच कॅम्पग्राउंड्स जुनी आणि अरुंद आहेत, ३६ फुटी गाडीला तिथे जागा शोधताना दमछाक होते. ग्लेशियरच्या गोइंग-टु-द-सन रोडवर ॲव्हलांच ते राइझिंग सन या पट्ट्यात २१ फुटांपेक्षा लांब वाहनाला बंदी आहे, आणि लांब बेडचा चार दारांचा ट्रक एकटाच ती मर्यादा ओलांडू शकतो. छोट्या बेडचा घ्या, पण मग वळताना ट्रेलर केबिनला आदळू नये म्हणून सरकणारा हिच लागतो. आणि तुम्ही दोघंही नागरिक आहात, तेव्हा ६२ पूर्ण झाल्याने तुम्ही ८० डॉलरचा आजन्म सीनियर पास काढा. बऱ्याच सरकारी कॅम्पग्राउंडवर भाडं निम्मं होतं.

आता पैसे कुठून, हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तुमच्या पत्रात त्यावर एकच ओळ आहे.

वहिनींचा यंदाचा पगार ७०,०००. त्यावर ४०१(के) मधून काढलेला प्रत्येक डॉलर उत्पन्न म्हणून चढतो. २०२५ च्या कोष्टकाने हिशेब केला, तर हातात १,७८,००० यायला सुमारे २,२२,००० काढावे लागतील. ४४,००० नुसता फेडरल कर, राज्याचा वेगळा. म्हणजे निवृत्तीच्या पुंजीतले ३० टक्के एका सहीनिशी गेले. आणि तुमचं वय ६३ आहे, हे विसरू नका. मेडिकेअर (६५ नंतरचा सरकारी आरोग्य विमा) पार्ट बीचा प्रीमियम दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर ठरतो. यंदा उत्पन्न २,९०,००० च्या घरात गेलं, तर ६५ व्या वर्षी तुमच्या पहिल्याच मेडिकेअर बिलावर अधिभार बसेल.

मग पुढच्या वर्षी काढू, असं म्हणाल. पुढच्या वर्षी वहिनींच्या कंपनीचा विमा संपलेला असेल आणि दोघंही मार्केटप्लेसच्या, म्हणजे सरकारी विमा-बाजारातून स्वतः घेतलेल्या, विम्यावर. तिथली सबसिडी उत्पन्नाला बांधलेली, उत्पन्न फुगलं की ती जाते. म्हणून मोठी रक्कम कुठल्याच एका वर्षात नको. बँकेतल्या ९५,००० पैकी ५५,०००, किमतीच्या उरलेल्या रकमेतले निम्मे ४०१(के) मधून डिसेंबरमध्ये आणि निम्मे जानेवारीत, एवढ्यात वापरलेली जोडी बसते. ४०,००० हाताशी राहतात, ते हलवू नका. मार्केटप्लेसच्या त्या विम्याचं नेटवर्क बहुधा ओहायोपुरतं असेल, कोलोरॅडोत तातडीच्या उपचारापलीकडे काही मिळेल का, ते प्लॅन घेताना विचारा.

वीस वर्षांचं आरव्ही कर्ज घेऊन व्याजाची वजावट मिळेल, हे मित्राने सांगितलंय ते अर्धं खरं. पलंग, स्वयंपाकघर आणि संडास असलेली आरव्ही दुसरं घर म्हणून धरता येते. पण वजावट तपशीलवार मांडली तरच उपयोग, आणि २०२५ ला जोडप्याची स्टँडर्ड डिडक्शन (सगळ्यांना मिळणारी सरसकट वजावट) ३१,५०० होती. घर फिटलेल्या माणसाच्या वजावटी तिथवर पोहोचत नाहीत.

खरेदीच्या आधी एक उन्हाळा भाड्याने काढा. डेन्व्हरजवळ असे मालक सापडतात, जे स्वतःची फिफ्थ व्हील कॅम्पग्राउंडवर आणून, टेकवून, नळ-वीज जोडून देतात. तुम्हाला ट्रक लागत नाही. सहा आठवडे त्यात राहून पाहा, सून-मुलगा येऊन-जाऊन, पाऊस, गारा, सांडपाण्याची टाकी रिकामी करणं, सगळ्यासकट. दुसरीकडे एक आठवडा क्लास सी घेऊन यलोस्टोनला जाऊन या. दोन्हींचं मिळून जे भाडं होईल ते नव्या गाडीच्या एका वर्षाच्या घसाऱ्याहून कमीच भरेल.

आता वहिनी, तुमचं. मागे घेणं शिकता येतं आणि दोघांनी शिकायचं असतं. रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये चार शंकू मांडून दोन तास, असे तीन-चार रविवार. हात दाखवण्याऐवजी फोन चालू ठेवून बोला, भांडणं निम्मी होतात. आणि निम्मा वेळ तुम्ही स्टिअरिंगवर बसा. वाटेत त्यांची तब्येत बिघडली तर ती गाडी घरी आणणारं दुसरं कोणीतरी हवं. तुमची तयारी नसेल तर ते मला आधी सांगा, कारण मग माझं उत्तर क्लास सीकडे झुकतं.

तोवर डीलरला अनामत देऊ नका. त्या ट्रकच्या दाराच्या लेबलचा फोटो काढून पाठवा, नेमक्या त्याच ट्रकचा, कारण एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांवर आकडा वेगळा निघतो.