डॉक्टरांना कॉलेजात आहार शिकवतच नाहीत का?

तुमच्या वडिलांना शुगर निघाली, डॉक्टर म्हणाले "भात बंद, भाकरी खा", आणि "किती?" विचारताच त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. त्यावरून तुमचा हा प्रश्न.

शिकवतात हो. मी अमळनेरकडे प्रॅक्टिस करतो. आम्हाला पहिल्या वर्षी बायोकेमिस्ट्रीत जीवनसत्त्वं होती, पुढे पीएसएममध्ये, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या विषयात, कुपोषण. ते पक्कं शिकवलं, हे मान्य करायलाच हवं. बाँडची, म्हणजे शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी नोकरी नंदुरबारच्या धडगावकडे झाली. लहान मुलाच्या दंडाचा घेर पट्टीवर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला की काय करायचं, भरती झालेल्या कुपोषित मुलाला सुरुवातीचं एफ-७५ हे खास दूध किलोमागे दिवसाला १३० मिली, हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

पण ज्या ज्वारीवर आमचा अर्धा खान्देश जगतो, ती पुस्तकात भेटली कुठे? पेलाग्राच्या, म्हणजे नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणाऱ्या आजाराच्या प्रकरणात! ज्वारीतल्या ल्युसिनमुळे, म्हणजे प्रथिनातल्या एका घटकामुळे, पेलाग्रा होत असावा, असा तर्क हैदराबादचे आहारशास्त्रज्ञ गोपालन यांनी १९६०च्या सुमारास मांडला होता. तो परीक्षेला यायचा. ज्वारी खाणाऱ्या डायबेटिसवाल्याला किती भाकरी सांगायच्या, हे कधी आलं नाही.

मीही तुमच्या डॉक्टरांसारखंच सांगायचो. एका शेतकऱ्याला गोड बंद केलं, भाकरी खा म्हटलं. तीन महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, वाढलेलं. मी गोळी वाढवायला पेन उचललं, तर त्याची बायको म्हणाली, "डाक्टरसाहेब, भाकरी कितल्या देऊ ते सांगा ना." एका जेवणाला चार चालल्या होत्या, ठेच्यासोबत. मीच सांगितलं होतं ना, भाकरी खा!

त्या रात्री घरी एका भाकरीचं पीठ वजनकाट्यावर ठेवलं. ९० ग्रॅम भरलं. म्हणजे एकीत साठेक ग्रॅम कर्बोदकं, चारांत अडीचशेच्या आसपास. मग दोनांवर आणलं, त्याही कळण्याच्या, म्हणजे ज्वारीत उडीद आलाच. सोबत घट्ट वरण आणि ताटभर मेथी. कळणा हा शब्द आमच्या एकाही पुस्तकात नव्हता.

२०१९पासूनच्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात माणसाची परिस्थिती पाहून आहार आखून देणं हे कौशल्य म्हणून लिहिलेलं आहे. आमच्या वेळी एवढं नव्हतं. अर्थात ओपीडीत साठ माणसं बसलेली असताना ते कोण आखून देणार, हा प्रश्न उरतोच.

तुम्ही एवढं करा: तीन दिवसांचं वडिलांचं जेवण लिहून काढा, चहातल्या साखरेसकट, आणि त्यांच्या एका भाकरीचं पीठ मोजा. तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा, किंवा सिव्हिलला आहारतज्ज्ञ असतील तर त्यांच्यापुढे. फक्त गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर परस्पर भाकरी कमी करू नका. साखर एकदम खाली जाऊ शकते, आणि ते जास्त महागात पडतं.